पांढरीची चव

घैसास सर माती चाखून बघत. हे मी वाढवून सांगत नाही. चिमूटभर माती उचलायची, तळहातावर चुरायची, डोळे मिटून जिभेच्या टोकावर ठेवायची आणि लग्नघरच्या आचाऱ्यानं आमटीबद्दल मत द्यावं तसं म्हणायचं, "मीठ जरा जास्त झालंय." मग बाजूला थुंकून रुमालानं मिशा पुसायच्या आणि आमच्याकडे वळायचं. "चला महाराज, एकेकानं पुढं या."

सगळ्या विद्यार्थ्यांना ते 'महाराज' म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे शेवटपर्यंत कुणाला ठरवता आलं नाही.

मी पहिल्यांदा माती चाखली ती बारामतीच्या बाहेर, कालव्याच्या कडेला. आमचं कॉलेज पुण्याचं. पण मी बारामतीचा, आणि माझे वडील तिथल्या कोर्टातले वकील. नाताळच्या सुट्टीतली ती सहल, बाजारचा दिवस, रस्त्यानं गाड्यांची रांग. वकिलांचा मुलगा कालव्याजवळ उभा राहून माती खातोय, ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. संध्याकाळी आईनं ताट वाढताना विचारलं, "तिकडं खानावळीत पोटभर मिळत नाही का रे?"

सर मूळचे कोकणातले, रत्नागिरीकडचे. अंगानं किरकोळ. धोतर, त्यावर बंद गळ्याचा कोट, डोक्यावर सोला हॅट आणि पायात कॅनव्हासचे बूट, असा सगळा विसंगत जामानिमा. समुद्राकाठी जन्मलेल्या या माणसाचा जीव जडला तो आमच्या या उघड्या माळांवर. "कोकणात झाडं फार," ते तक्रार करायचे. "जमीन दिसतच नाही. तुमच्याकडे बरं आहे, सगळं उघड्यावर मांडून ठेवलंय." आमच्या दुष्काळी मुलुखाचं असं कौतुक मी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

त्या वेळी, म्हणजे एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत, कॉलेजात भूगोल शिकायचा म्हटलं की लोक हसत. नद्यांची नावं आणि राजधान्या मराठी चौथीत पाठ करून झालेल्या असतात, मग बी. ए.ला जाऊन आणखी काय करणार, असा साधा प्रश्न असे. आमच्या कॉलेजात हा विषय नुकताच आणि तोही तात्पुरता सुरू झाला होता. प्रयोगशाळा म्हणून सरांना मिळाली होती कॉलेजच्या मागची जुनी पागा. घोडे केव्हाच गेले होते, वास राहिला होता. जिथं घोड्यांना दाणा घालत त्या गव्हाणीत आम्ही मातीचे नमुने मांडून ठेवत असू. भिंतीवर हवेच्या दाबाचं यंत्र, एका टेबलावर चाळण्या, रसायनशास्त्राच्या लोकांकडून मागून आणलेल्या परीक्षानळ्या आणि सिल्व्हर नायट्रेटची एक काळी बाटली. माती पाण्यात ढवळायची, गाळायची आणि त्या निवळ पाण्यात बाटलीतले थेंब टाकायचे. पाणी दुधाळ झालं तर मातीत मीठ आहे. आमच्यातले बरेच जण हा प्रयोग सरांची जीभ बरोबर होती की नाही हे पाहायला करत. ती नेहमी बरोबर असे.

वर्गात ते इंग्रजीत शिकवत, कारण नियम तसा होता. पागेत आणि माळावर मात्र मराठी. कुणी पुस्तकातलं वाक्य फेकलं की सर कानावर हात ठेवत. "मला उत्तर नको. तुम्ही काय पाहिलंत ते सांगा." एकदा पळसदेवला भीमेच्या काठी आम्हाला देवळाच्या पायरीवर बसवलं. ते देऊळ आता उजनीच्या पाण्यात असतं, पाणी उतरलं की वर येतं. तेव्हा ते नदीकाठी कोरडं उभं होतं. नदीच्या वळणावर कुठला काठ खचतो, असं विचारल्यावर आम्ही सगळ्यांनी एका सुरात पुस्तकातलं उत्तर दिलं. सर उठले. वाळलेली पानं गोळा केली, वरच्या अंगाला जाऊन एकेक पान पाण्यात सोडत राहिले. पानं वळणावर येत, पलीकडच्या काठाला जाऊन घासत, तिथं गिरक्या घेत आणि मग पुढं जात. ऊन डोक्यावर येईपर्यंत हे चाललं होतं. शेवटी सर म्हणाले, "आता बोला." माझं लहानपण बारामतीला कऱ्हेच्या काठी गेलं, पण वाहणारं पाणी काय करतं हे मी त्या दिवशी पाहिलं.

मी भूगोल घेतलेला आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, मुळीच पसंत नव्हतं. त्यांच्या मनात होतं की मी इतिहास-अर्थशास्त्र घेऊन बी. ए. व्हावं, मग एलएल. बी. करून त्यांच्या शेजारी बसावं. मी हट्ट धरला तेव्हा त्यांनी वकिली पद्धतीनं अट घातली. "हा विषय तात्पुरता आहे असं तूच म्हणतोस. युनिव्हर्सिटीनं मान्यता दिली तर शीक. नाही दिली आणि तुझं वर्ष बुडालं, तर कॉलेज बंद. बारामतीला येऊन माझ्या कचेरीत काम शिकायचं, आणि त्यावर पुन्हा चर्चा नाही." मी कबूल झालो. मान्यता मिळणार याची मला खात्री होती, कारण आमच्याकडे नकाशा होता.

तो नकाशा म्हणजे सरांचा आणि आम्हा सगळ्यांचा प्राण. बारामतीपासून इंदापूरपर्यंत नीरेच्या कालव्याखालची जमीन आम्ही पायी हिंडून कागदावर उतरवत होतो. कालवा आल्यापासून ऊस झाला, गुऱ्हाळं झाली, मळे हिरवे झाले. पण पाणी जास्त झालं तिथं सखल रानात मीठ वर येऊ लागलं, जमीन पांढरी पडून चोपण होऊ लागली. अशी खारावलेली रानं कुठं आहेत आणि का आहेत, हे तो नकाशा दाखवणार होता. युनिव्हर्सिटीची कमिटी येऊन तो पाहणार आणि मग मान्यतेचं ठरवणार, असं होतं.

त्या नकाशाचं सगळ्यात मोठं आकर्षण होतं एक टेकाड. लासुर्ण्याच्या खालच्या अंगाला, नीरेकडे जाताना ते आम्हाला पहिल्या हिवाळ्यात सापडलं. भोवती काळीभोर जमीन आणि मधे हा भुरकट पांढरा उंचवटा, त्यावर बोरी-बाभळींशिवाय काही नाही. सरांनी माती जिभेवर ठेवली आणि त्यांचे डोळेच चमकले. "खारट. पण महाराज, मीठ सखल जागी येतं. हे उंचावर कसं चढलं?" वाटेनं गावचे एक वयस्कर पाटील चालले होते, त्यांना सरांनी हाक मारली.

"आबा, या मातीला तुम्ही काय म्हणता?"

"पांढरी," आबा म्हणाले.

"इथं पीक येतं का?"

"छ्या. पांढरीत कोन पेरतंय?"

"कालव्याचं पाणी आल्यापासून असं झालं का?"

आबांनी सुस्कारा सोडला. "पानी आल्यापास्नं काय इचारता सायेब, समदंच बदाललं की."

सरांना आणखी काय हवं होतं? आम्ही सगळ्यांनी रांगेनं ती माती चाखली. आबा बराच वेळ आमच्याकडे पाहत उभे राहिले, मग लगबगीनं गावात गेले आणि आमच्यासाठी गुळाची ढेप घेऊन आले. सर म्हणाले, "पाहा, कामाची कदर आहे इथं."

पागेत परत आल्यावर नळीतलं पाणी दुधासारखं झालं. सरांनी विचार करून उत्तर काढलं: या टेकाडाखाली काळ्या खडकाची उभी भिंत असणार. अशा भिंती आपल्याकडच्या खडकात असतात हे खरंच. कालव्याचं झिरपतं पाणी त्या भिंतीला अडतं, तुंबतं आणि आपल्याबरोबर मीठ घेऊन वर चढतं. फार सुंदर कल्पना होती. कमिटीवर येणाऱ्या एका वयोवृद्ध इंजिनियरसाहेबांच्या कानावर ती आधीच गेली होती, आणि ते टेकाड नकाशावर पाहायला ते उत्सुक आहेत असा निरोपही आला होता.

कमिटी फाल्गुनात यायची होती. माघात एका दुपारी आमचा विनायक पेंडसे पागेत त्या टेकाडाची उरलेली माती चाळत बसला होता. चाळणीत खडे उरतात, तसे उरले. त्यात एक हिरवा तुकडा होता, वाकडा, गुळगुळीत. विनायक म्हणाला, "सर, जमिनीत मिठाबरोबर बांगड्याही वर येतात वाटतं." आम्ही हसलो. सरांनी तो काचेचा तुकडा हातात घेतला, खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं निघू."

दौंडला उतरून आम्ही बारामतीची ती छोटी गाडी धरली. तिच्याबरोबर शर्यत लावून म्हातारी माणसंसुद्धा जिंकतील अशी तिची चाल. एरवी सर खिडकीबाहेर बोटं दाखवून आम्हाला सळो की पळो करून सोडायचे. त्या दिवशी मुकाट्यानं बसून होते. बारामतीहून बैलगाडीनं टेकाड गाठलं. त्याच्या एका कडेला माणसांनी खणून नेल्यासारखे खड्डे होते. पहिल्या वेळी ते आम्ही पाहिले होते, पण त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. सरांनी स्वतः कुदळ घेतली. हातभर खाली गेल्यावर राख लागली, मग खापऱ्या, मग जात्याची एक फुटकी तळी. तोवर पाटीलआबा येऊन पोचले होते.

"आबा," सर म्हणाले, "हे जातं इथं कसं?"

"कसं म्हंजी? गाव व्हतं न्हवं हितं. आमचं जुनं गाव. पांढरी म्हंजी आनि काय?"

सर आबांकडे पाहतच राहिले. पांढरी म्हणजे मातीचा रंग नव्हे. पांढरी म्हणजे गावठाण. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे त्या मुलुखात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते कोकणातून आलेल्या प्राध्यापकाला आणि बारामतीच्या पेठेत वाढलेल्या, शेतात फक्त हुरड्यापुरत्या गेलेल्या माझ्यासारख्याला. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख आणि गोठ्यांतलं मूत मुरून ती माती खारट झाली होती. खाली भिंतही नव्हती आणि पाणीही तुंबलं नव्हतं. ते खड्डे शेतकऱ्यांचे होते. खत म्हणून ही माती ते गाड्या भरून रानात नेत.

"मग आबा, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी कुठं इचारलं? मातीचं नाव इचारलं, आमी सांगितलं. मग तुमी समदी जनं ती माती तोंडाला लावाया लागला. आमाला वाटलं, पुन्याकडची रीत आसंल, जुन्या गावाला मान द्यायची. म्हनून तर गूळ आनला."

सर हसू लागले. हसता हसता खाली बसले, डोळ्यांतून पाणी आलं, हॅट पडली. आबाही हसले, आम्हीही हसलो. मग सरांचं हसू थांबलं. कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून ते म्हणाले, "महाराज, आपला नकाशा गेला."

पुण्याला परतल्यावर ते थेट प्रिन्सिपलसाहेबांकडे गेले. दार उघडं होतं, आम्ही व्हरांड्यात उभे होतो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की कमिटी येऊन जाऊ द्या, मग सावकाश दुरुस्ती करा. त्या टेकाडावर कमिटीतलं कुणी चढून पाहणार नाही. सर म्हणाले, "मग तिला दुरुस्ती म्हणता येणार नाही." बाहेर आल्यावर विनायकानंही धीर करून तेच सुचवलं. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

कमिटी आली. पागा झाडून घेतली होती, उदबत्तीही लावली होती, तरी घोड्यांचा वास होताच. इंजिनियरसाहेब सरळ नकाशाकडे गेले आणि त्यांनी टेकाडावर बोट ठेवलं. त्यांनी तोंड उघडण्याआधी सरांनी तांबडी पेन्सिल घेऊन त्या बोटाभोवतीच वर्तुळ काढलं. "हे चूक आहे. माझी चूक आहे. मी इथूनच सुरुवात करतो." आणि बांगडीपासून गुळाच्या ढेपेपर्यंत सगळी हकीकत त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितली. एकही सभासद हसला नाही. एकानं विचारलं, "मग तुमच्या बाकीच्या खुणांवर आम्ही विश्वास का ठेवावा?" सर म्हणाले, "ठेवू नये. तपासाव्यात. आम्हालाही त्या पुन्हा तपासायच्या आहेत."

मान्यतेचा विचार एक वर्ष पुढं ढकलला गेला. पुढच्या वर्षी ती मिळाली, पण ते त्या दिवशी कुणाला माहीत असणार? बहुतेक मुलांनी विषय बदलले. माझं वर्ष बुडालं. मी ट्रंक भरून बारामतीला गेलो आणि अण्णांना सांगितलं. अण्णा एवढंच म्हणाले, "अट लक्षात आहे ना?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कचेरीत जाजमावर बसून दाव्यांचे कागद उतरवू लागलो. बाहेर कालव्याकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज यायचा आणि हातातला टाक थांबायचा, हे आज सांगायला हरकत नाही.

त्या रविवारी दुपारी सर दारात उभे राहिले. तीच हॅट, तेच बूट. मी त्यांना बोलावलं नव्हतं. पक्षकार गेल्यावर अण्णांनी त्यांना बैठकीवर बसवलं. आईनं पाणी आणि गूळ आणून ठेवला; सरांनी गुळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहून किंचित हसले. मग अण्णांना म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या मुलाचं वर्ष माझ्यामुळं बुडालं. त्याचा दोष नाही. चुकीचा प्रश्न मी विचारला आणि चुकीचं उत्तर मीच काढलं. ते त्याच्या तोंडून कळण्याऐवजी माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. उलटतपासणीच्या आधी ते असंच करत.

"कमिटीला ही चूक आपणहून कळली असती?"

"नाही."

"प्रिन्सिपलनी सांगू नका म्हटलं होतं?"

"थांबा म्हटलं होतं."

"विषय बंद पडला असता तर आपली नोकरी?"

"गेली असती. अजूनही जाईल कदाचित."

"आणि प्रिन्सिपलना सांगण्याआधी ही चूक कुणाकुणाला माहीत होती?"

"मुलांना," सर म्हणाले.

"फक्त मुलांना. मग सांगितलंत कशाला?"

सरांना प्रश्नच समजला नसावा, असं क्षणभर वाटलं. मग ते म्हणाले, "मुलांना माहीत होतं म्हणूनच."

अण्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माझ्या बाजूनं सरांनी एक शब्दही टाकला नाही. याला पाठवा, असं ते म्हणालेच नाहीत. गाडीची वेळ झाली म्हणून ते उठले. तेव्हा अण्णांनी खुंटीवरची टोपी घेतली. मोठमोठे पक्षकार आले तरी अण्णा त्यांना जागेवरूनच निरोप देत. आईसुद्धा दारात येऊन पाहू लागली. दोघे पुढं आणि मी मागं, असे आम्ही स्टेशनपर्यंत गेलो. वाटेत ते पावसापाण्याचं बोलले. गाडी हलली तेव्हा वयानं मोठे असून अण्णांनी आधी हात जोडले.

परत येताना अण्णा पेठेतून माझ्यापुढं झपझप चालत होते. घराच्या पायरीपाशी थांबले. "आयुष्यभर साक्षीदार तपासले," ते म्हणाले, माझ्याकडे न पाहता. "आपल्याविरुद्ध न बोलावता साक्ष द्यायला आलेला माणूस आज पाहिला." मग वहाणा काढत विचारलं, "ती तुमची सहल पुन्हा कधी निघते?"

"पौषात," मी म्हटलं.

"मग आईकडून घोंगडी मागून घे," अण्णा म्हणाले. "इंदापुराकडं थंडी फार असते."